एका पायावर तयार

आपल्याकडे एखादा माणूस उत्साहानं होकार देतो तेव्हा तो 'एका पायावर तयार' झाला असं म्हणतात. हा पाय कोणता, डावा की उजवा, याची चौकशी कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी गेले सात महिने तीच करतोय.

पाय उजवा. एवढं मला कळलंय. पण कळलंय ते डोक्याला, आणि डोक्यापासून पायापर्यंत पाच फूट सहा इंचांचा प्रवास आहे. वाटेत पोट लागतं.

आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, म्हणजे बॉस्टनची मराठी मंडळी ज्याला 'तिकडं आत' म्हणतात तिथं. मी मूळचा सांगलीचा, शिक्षण बी.कॉम., धंद्यानं हिशेबनीस. दिवसाचे आठ-नऊ तास मी एका खुर्चीची मनोभावे सेवा करतो. यंदाच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला आणि 'हालचाल वाढवा' म्हणाल्या. मी मनातल्या मनात रात्रीच्या शतपावलीला मंजुरी देत होतो, तेवढ्यात बायकोला गावच्या वाचनालयात एक कागद चिकटवलेला दिसला. शनिवारी संध्याकाळी कॉन्ट्रा डान्स. नवशिक्यांचं स्वागत. जोडीदार आणायची गरज नाही.

"जोडीदार आणायची गरज नाही म्हणतायत," मी आशेनं म्हटलं, "मग तू जाऊन ये की."

"पायमोजे स्वच्छ घाला," ती म्हणाली.

कॉन्ट्रा म्हटलं की मला एकच गोष्ट ठाऊक होती, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली कॉन्ट्रा एंट्री. एफ-फोर दाबायचं आणि हातातली रोकड बँकेत टाकायची, नाहीतर बँकेतली हातात घ्यायची. नवीन काही येत नाही, जुनं काही जात नाही, इकडचं तिकडं होतं. सात महिने नाचून सांगतो, या नाचाची याहून नेमकी व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

नाच ग्रेंजच्या हॉलमध्ये असतो. ग्रेंज ही इथल्या शेतकऱ्यांची १८६७ सालची संघटना. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, गावोगाव तिचे लाकडी हॉल आहेत. आपल्या विकास सोसायटीच्या सभागृहासारखेच, फक्त कोपऱ्यात युरियाची पोती नाहीत. जवळच ग्रीनफील्डला गायडिंग स्टार नावाचा असा एक हॉल आहे, तिथं नाचायला लोक लांबलांबून गाड्या हाकत येतात. आमचा त्यापुढं अगदीच घरगुती. दारात बघतो तर सगळे पायातले बूट काढून पिशवीतले दुसरे घालतायत. बाहेरची माती आणि खडे आत आले तर लाकडी जमीन खराब होते म्हणून नाचाचे बूट वेगळे. देवळाबाहेर असतो तसा तो चपलांचा ढीग बघून मला जरा धीर आला. इथं आपल्या ओळखीचं काहीतरी आहे, असं वाटलं. तेवढंच होतं.

नाच असा. दोन लांबलचक रांगा समोरासमोर. तुमची जोडीदारीण समोरच्या रांगेत. व्हायोलिन, बँजो आणि पियानो घेऊन खरीखुरी माणसं स्टेजवर बसलेली. शेजारच्या जोडीशी मिळून चौघांची चौकडी करायची. या चौकडीनं ठरलेल्या सगळ्या आकृत्या एकदा केल्या की एक जोडी हॉलच्या एका टोकाकडं सरकते, दुसरी दुसऱ्या टोकाकडं, आणि नवीन चौकडी जमते. पंगतीत वाढपी एकेका पानावरून पुढं सरकतो तसं. एका आवर्तनाला चौसष्ट ठोके, एकेका आकृतीला बहुधा आठ. कॉलर नावाची व्यक्ती आधी सगळं चालवून दाखवते, मग संगीतावर पुकारत राहते, आणि चार-पाच आवर्तनांनंतर हळूच बोलायची थांबते. शाळेत पाढे म्हणवून घेताना गुरुजी मध्येच गप्प व्हायचे आणि आपण 'सतरा साते' वर एकटेच उघडे पडायचो, अगदी तसं.

आकृत्या मला फार जड गेल्या नाहीत. हात धरून गोल फिरा, पाठीला पाठ करून या, रांगेनं पुढं जा, मागं या. लेझमीत हे सगळं शाळेत झालेलं आहे, तेही हातात लोखंड घेऊन. माझं घोडं पेंड खातं ते 'स्विंग'पाशी.

स्विंग म्हणजे जोडीदाराला धरून जागच्या जागी गरगर फिरायचं. बहुतेक नाचांत ते दोनदा येतं, एकदा समोर आलेल्या शेजारणीबरोबर आणि एकदा आपल्या जोडीदारणीबरोबर. मी हिशेब केला (दुसरं काय करणार). मिनिटाला साधारण एकशेवीस ठोके, म्हणजे एक आवर्तन बत्तीस सेकंदांचं. एक नाच दहा मिनिटं चालला तर अठरा आवर्तनं. म्हणजे एका नाचात छत्तीस स्विंग, त्यातले अठरा अनोळखी माणसांबरोबर.

हे असं पूर्वी नव्हतं, हे मला नंतर कळलं आणि फार लागलं. या नाचाचं मूळ इंग्लंडच्या खेड्यांतले नाच. जॉन प्लेफर्डनं १६५१ साली लंडनला त्यांचं पुस्तक छापलं, फ्रेंचांनी त्याला आपलं वळण दिलं, आणि तो अटलांटिक ओलांडून न्यू इंग्लंडच्या थंडीत टिकून राहिला. जुन्या रचनांत चौकडीतली पहिली जोडी बरंचसं काम करायची आणि दुसरी उभी राहून बघायची. मधल्या काळात कुणालातरी समतेचा उमाळा आला आणि हल्लीच्या रचनांत सगळ्यांना सारखं फिरवतात. मी शंभर वर्षं आधी अमेरिकेत आलो असतो तर आयुष्यभर दुसऱ्या जोडीत मानानं उभा राहिलो असतो.

पहिल्या दिवशी नाचाआधी अर्धा तास शिकवणी होती. शिकवायला पांढऱ्याशुभ्र वेणीच्या एक आजी. वय ऐंशीच्या पलीकडं, पाठ ताठ, पायात मऊ चामड्याचे बूट. त्यांनी आधी आमची पाखरं केली. डावीकडचे ते लार्क, उजवीकडचे ते रॉबिन. लार्क म्हणजे लेफ्ट, रॉबिन म्हणजे राइट. पूर्वी पुरुष आणि बायका म्हणत, आता कुणीही कुठलंही पाखरू होतं. मी लार्क झालो. लार्क म्हणजे चंडोल. साडेचौऱ्याऐंशी किलोचा चंडोल.

मग आजींनी स्विंग समजावला. धरायचं बॉलरूम नाचासारखं: चंडोलाचा उजवा हात रॉबिनच्या पाठीवर खांद्याच्या हाडापाशी, दुसरे हात एकमेकांत. आणि पाय? दोघांचे उजवे पाय शेजारी शेजारी, करंगळीला करंगळी. माझ्या बुटाचं टोक तिच्या पाठीमागच्या भिंतीकडं, तिच्या बुटाचं माझ्या पाठीमागच्या. हे दोन उजवे पाय म्हणजे जात्याचा खुंटा. ते जागा सोडत नाहीत, नुसते जागच्या जागी थोडे थोडे वळतात. ठोक्यावर अंगाचा भार उजव्या पायावर, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये डाव्या पायाच्या चवड्यानं जमिनीला रेटा. याला 'बझ स्टेप' म्हणतात. उजवा, रेटा, उजवा, रेटा.

"लहान मुलं स्कूटर चालवतात ना," आजी म्हणाल्या, "अगदी तसं."

इथं घात झाला. त्यांच्या डोळ्यांपुढं होती ती दोन चाकांची फळी, जिच्यावर एक पाय ठेवून पोरं दुसऱ्या पायानं जमीन मागं ढकलतात. 'स्कूटर' ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आले बाबा. बाबा स्कूटर डावीकडं तिरकी करायचे, क्षणभर तशीच धरायचे, सरळ करायचे आणि मग उजव्या पायानं किक मारायचे. संगीत सुरू झालं. मी तत्परतेनं डावीकडं कललो आणि उजवा पाय हाणला. समोर होता नोकरीतून निवृत्त झालेला एक सुतार, सहा फुटांचा रॉबिन. त्यानं 'हरकत नाही' म्हटलं आणि पुढचा नाच बाकावर बसून बघितला.

आजी हसून म्हणाल्या, "स्कूटर सोड. सायकल?"

सायकल तर आणखी वाईट. सांगलीत आम्ही डावा पाय पॅडलवर ठेवून उजव्यानं जमिनीला चार रेटे द्यायचो आणि टांग टाकायचो. म्हणजे जो पाय इथं खुंट्यासारखा रोवायचा तोच माझा रेटा देणारा पाय, आणि जो रेटा द्यायचा तो जन्मभर पॅडलवर बसून आलेला. माझे दोन्ही पाय कामाला होते, पण एकमेकांच्या खुर्चीत.

आणि चुका तरी किती जातीच्या! माझा उजवा पाय जागेवर राहिना, मग आमची जोडी फिरता फिरता हॉलभर जाऊ लागली. त्याला आवरावं तर डावा पाय रेटा द्यायच्या ऐवजी समोरून आडवा येऊन जोडीदारणीच्या बुटावर उतरायचा. दोघांना आवरावं तर मी वरखाली उड्या मारायचो. स्विंग जमिनीला धरून चालतो. चांगले नाचणारे फिरताना डोकं एका उंचीवर ठेवतात, हंड्यातलं पाणी हिंदकळू नये तसं. माझं डोकं शिवणयंत्राच्या सुईसारखं चालायचं. आजींनी मायेनं सांगितलं, "रेट्याचं राहू दे. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाक आणि नुसता चालत फीर. तोही स्विंगच." हे ऐकायला हवं होतं. पण माझ्याशेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बझ स्टेप घेत मधमाशीसारखी फिरत होती, आणि सांगलीकर माणूस दहा वर्षांच्या मुलीशी स्पर्धा लागली की मागं हटत नाही.

त्यात डोळ्यांचं प्रकरण. फिरताना चक्कर येऊ नये म्हणून जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं. यामागं शास्त्र आहे. सगळा हॉल फिरत असतो, आपल्या दृष्टीनं स्थिर असतं ते फक्त समोरचं तोंड. कानाच्या आतल्या नळ्यांमधलं पाणी आपण थांबल्यावरही फिरत राहतं, पण नजर स्थिर गोष्टीवर टेकवली तर चक्कर कमी येते. पटतं. पण परक्या बाईच्या डोळ्यांत लागोपाठ बारा ठोके बघायचं? कांदेपोह्यांच्या दिवशी मी माझ्या बायकोकडंसुद्धा इतका वेळ बघितलं नव्हतं. मी पोह्यांकडं बघत होतो. आजींनी लाजऱ्यांसाठी सवलत दिली, डोळ्यांऐवजी भुवईकडं किंवा कानाकडं बघितलं तरी चालेल. मी एकीच्या कानाकडं बघितलं. कानात लोंबतं डूल होतं. ते हलत होतं, हॉल फिरत होता, मी उडत होतो. स्विंग संपल्यावर रॉबिनला आपल्या उजव्या हाताला ठेवून दोघांनी पुस्तक उघडावं तसं चौकडीकडं तोंड करून उघडायचं असतं. मी उघडलो तो थेट भिंतीकडं. भिंतीवर आग विझवायचं नळकांडं होतं. त्याच्याकडं बघून मी नम्रपणे डावा हात पुढं केला.

पण एक सांगायला हवं. या लोकांना राग येत नाही. मी चुकलो की आजूबाजूचे पाच-सहा हात निघतात, कुणी खांद्याला धरून वळवतं, कुणी बोटानं दाखवतं, आणि मी टपालातल्या चुकलेल्या पाकिटासारखा बरोबर पत्त्यावर पोचतो. रांगेच्या टोकाला पोचलेल्या जोडीला एक आवर्तन बाहेर थांबावं लागतं. लोक त्या बत्तीस सेकंदांत चुळबुळतात. मला ते बत्तीस सेकंद माहेरपणासारखे वाटतात.

मग घरी सराव सुरू केला. बायकोनं सहकार्य नाकारलं. तिला स्विंग पहिल्याच दिवशी जमला होता आणि पुन्हा पुन्हा पायाची करंगळी पणाला लावायची तिची तयारी नव्हती. इथल्या घरांच्या तळघरात छत पेलणारे लोखंडी खांब असतात. मी त्यातला एक रॉबिन केला. उजवा पाय खांबाच्या बुडाला लावायचा, दोन्ही हातांनी खांब धरायचा आणि डाव्यानं रेटा. खांब उत्तम जोडीदार. जागा सोडत नाही, बुटावर पाय दिला तर कुरकुरत नाही, डूल घालत नाही. तिसऱ्या दिवशी मी रंगात आलो असताना बायको कपड्यांची बादली घेऊन खाली आली. पायरीवर उभी राहून तिनं बघितलं.

"सात झाल्या?" तिनं विचारलं. "आणि सूत कुठंय?"

त्या रविवारी मिरजेच्या आत्याचा फोन आला. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. श्रावणात तिच्या मंगळागौरीच्या ग्रुपला अजून बोलावणी येतात. बस फुगडी म्हणू नका, जातं म्हणू नका, सगळं करून गुडघे शाबूत. मी तिला माझी व्यथा सांगितली.

"अरे बाळ्या, ही तर फुगडी!" ती म्हणाली. "फुगडीत पाय कुठं हिंडतात? चवडे जवळ, अंग मागं टाकायचं. तू भीत असशील. जो मागं झुकत नाही त्याची फुगडी फिरत नाही. दे सोडून अंग!"

मला एकदम उजेड पडला. आजीसुद्धा हेच सांगत होत्या, फक्त त्यांच्या भाषेत त्याला 'वजन देणं' म्हणतात. दोघांनी एकमेकांपासून किंचित मागं रेलायचं, म्हणजे तो ओढा दोघांना फिरवतो. न्यूटन, आत्या आणि आजी यांचं एकमत झालं म्हटल्यावर मी कोण?

मात्र मधला 'किंचित' हा शब्द आत्याच्या सांगण्यात नव्हता.

शनिवारी पहिल्याच नाचात आजी माझ्या शेजारणीच्या जागी आल्या. स्विंग आला. मी उजवा पाय त्यांच्या पायाशी टेकवला, मनात आत्याचं स्मरण केलं आणि अंग दिलं सोडून. फुगडीत हाताची पकड असते आणि दोघी सारख्याच मागं गेलेल्या असतात. इथं आजी सरळ उभ्या, आणि त्यांच्या एका खांद्याला आणि एका हाताला साडेचौऱ्याऐंशी किलो लटकलेले. त्या पडल्या नाहीत. साठ वर्षांचा अनुभव होता. त्यांनी गुडघे थोडे वाकवले, माझ्यासकट एक पूर्ण गिरकी घेतली, मला सरळ केलं, माझ्या बायकोच्या डाव्या बाजूला नेऊन उभं केलं आणि ठोका न चुकता आपल्या जोडीदाराकडं वळल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मी कोट अडकवायची खुंटी नाही, बरं का."

मध्यंतरात लिंबूपाणी आणि कुणीतरी घरून आणलेले सफरचंदाचे केक होते. मी माफी मागायला गेलो आणि बोलता बोलता फुगडी सांगून बसलो. आजींचे डोळे चमकले. "दाखव," त्या म्हणाल्या. मी लगबगीनं बायकोला पुढं केलं.

दोघींनी हात तिढ्यात धरले, चवड्यांना चवडे भिडवले. बायकोनं अंग मागं टाकलं, आजींनीही टाकलं, आणि दोघी फिरायला लागल्या. लागल्या म्हणजे अर्धा वेढा. आजींचा डावा पाय! तो मुकाट्यानं उजव्याशेजारी राहीना. साठ वर्षं मागं जाऊन जमीन ढकलायची सवय; तो सुटला की मागंच जायचा. फुगडी वाकडी व्हायची, दोघी थांबायच्या, हसायच्या, पुन्हा धरायच्या. "पाय जवळ, पाय जवळ!" बायको ओरडत होती. आजी स्वतःच्या डाव्या पायाकडं अशा रागानं बघत होत्या की मला तो पाय आपला माणूस वाटला.

चौथ्या खेपेला त्यांना जमलं. पांढरी वेणी आडवी उडाली. स्टेजवर व्हायोलिनवाल्यानं केक खाली ठेवला आणि त्यांच्या वेगाला धरून एक रील, म्हणजे नाचाची जलद धून, सुरू केली. मग काय, दहा वर्षांची ती पोरगी, सुतार, कॉलर, सगळे जोड्या करून हात तिढ्यात घालायला लागले. वाचनालयातल्या कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी भिंतीकडेच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होतो. रील झकास चालली होती. थोड्या वेळानं माझं खाली लक्ष गेलं. माझा उजवा पाय जमिनीवर घट्ट होता, ठोक्याठोक्याला दाबला जात होता. आणि डावा चवडा, कुणी न सांगता, दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध जमिनीला हलका रेटा देत होता. उजवा, रेटा, उजवा, रेटा. उडी नाही, आडवं येणं नाही. मी श्वास रोखून बघत राहिलो. उगाच हललो तर थांबेल अशी भीती वाटत होती.

"अगं, बघ!" मी बायकोला हाक मारली. "जमलं! पायाकडं बघ!"

ती धापा टाकत आली, वाकून बघितलं आणि पदर नव्हता तरी सवयीनं कमरेशी हात नेला.

"छान," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी खुर्ची घेऊनच नाचा. कुणी नाही म्हणणार नाही, लोक चांगले आहेत."

स्टेजवरून चौकड्या करायची हाक आली. मी बाटल्या खाली ठेवल्या, पाय तसेच चालू ठेवत, अगदी हलक्या हातानं स्वतःला खुर्चीतून उचललं, आणि उभा राहिल्याबरोबर उजव्या पायानं किक मारली.